टायर काढून घ्या

“कार्टे, काढ ते! साहेब जिन्यात आलेत!” मावशी दबक्या आवाजात ओरडली.

मी काढलं नाही. उलट चौथी टाचणीही टोचली.

माझी मावशी आमच्याच शाळेत विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना वर्गात जमत नाही, त्यांच्या शेजारी बसून ती त्यांना जमवून देते. आणि बैठकीत कंटाळली की कागदांच्या पाठीमागे व्यंगचित्रं काढते. घरी आम्ही ती बघून गडाबडा लोळतो, पण बाहेर दाखवायची तिची हिंमत नाही. माझी आहे! वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

त्या दिवशीची बैठक चिमणीबद्दल होती. चिमणी दहा वर्षांची. बोलत नाही, गोंगाट झाला की कान दाबून बाकाखाली शिरते. वर्षभर मावशी रोज तिच्याजवळ बसली, तेव्हा कुठे ती बाकावर टिकायला लागली. मावशीने अहवालात मोठ्या कौतुकाने लिहिलं, ‘आता पूर्ण तास वर्गात बसते.’ झालं! वरून पत्र आलं: प्रगती समाधानकारक, सबब मदत आठवड्यातून एकच दिवस.

त्यावर मावशीने काढलेलं चित्र मी बैठकीच्या खोलीत लावलं होतं. नदीत टायरमध्ये बसून एक पोरगी मजेत तरंगतेय. काठावर टाय लावलेले पाच जण टाळ्या पिटतायत, “वा वा, बुडत नाही! टायर काढून घ्या.”

शिक्षण खात्याच्या साहेबांनी आत येऊन चष्मा वर सरकवून ते पाहिलं आणि हसले. हसले म्हणजे काय, पोट धरून! मी मनातल्या मनात उडीच मारली.

“बाई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत हो,” डोळे पुसत ते म्हणाले. “मला एक प्रत द्या, केबिनमध्ये लावतो.”

“मग साहेब, चिमणीचे दिवस...”

“ते वरून आलंय. माझ्या हातात काय आहे?” हसता हसताच त्यांनी कपातीच्या कागदावर सही केली. “मागे पडली तर पुन्हा अर्ज करा की.”

“म्हणजे मागे पडायची वाट बघू?”

साहेब चित्राचा फोटो काढत होते.

मी तोंड उघडलं. बक्षीसवालं तोंड! त्यातून एक शब्द निघेना.

सोमवारपासून मावशीला आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या शाळेत धाडलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी होते, तेवढ्यात चिमणीच्या आईचा फोन आला.

“बाई, आज दिवसभर शाळेत तुमच्या खोलीच्या दाराला टेकून बसली होती. वर्गात नेलं की परत तिथेच.”

“तिला सांगा, बाई शुक्रवारी येणार.”

“शुक्रवार कसा सांगू? तिला वार कुठे कळतात?”

मावशीने कागद पुढे ओढला. मग म्हणाली, “थांबा. काढून पाठवते.”

मी सरसावून बसले. वाटलं, आता साहेबांची काही खैर नाही!

तिने एका ओळीत पाच चौकोन काढले, सोमवार ते शुक्रवार. पाचव्यात स्वतःचा चेहरा: जाड चष्मा, विस्कटलेला अंबाडा, कानापर्यंत हसू. चिमणी लांबूनही ओळखेल असा.

“आणि या चारांत?” मी विचारलं.

मावशीने पेन्सिल पहिल्या चौकोनावर धरली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली आणि चित्र तसंच पाठवून दिलं.