बिडाच्या तव्याला भोक

धाकट्या भावाने आईच्या बिडाच्या तव्याला भोक पाडलं. आधीच सांगून टाकते, कारण नुसतं आठवलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

तवा आईच्या आजेसासूचा. पिढ्यान्‌पिढ्या तेल मुरून काळा कुळकुळीत झालेला. आई त्याला साबण लावू द्यायची नाही. काम झालं की कोमट असतानाच फडक्याने पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि पालथा घालून ठेवायची. आम्ही पोरं एक वेळ बिनआंघोळीची चालायचो, तवा बिनतेलाचा चालायचा नाही.

धाकट्याने खानावळ काढली. "आई, तुझ्याच हातचं खाऊ घालू लोकांना," म्हणत तिला तव्यासकट तिकडे राहायला नेलं. आई हुरळून गेली. मीही. मूर्खच आम्ही दोघी.

काही दिवसांनी मी गेले, तर तवा भिंतीवर! घासून घासून त्याचं सगळं तेल खरवडलेलं, वर चकचकीत काळा रंग आणि कडेला ड्रिलचं भोक. खाली पाटी, 'आईच्या हातची चव'. पाटीखालच्या खुर्चीत नवे कपडे घालून आई बसलेली, येणाऱ्याला हसून "या, या" म्हणायला. आत दोन आचारी नॉनस्टिकवर परतत होते.

"अरे, बीड आहे ते! त्यात ड्रिल घातलंस? तडा गेलाय बघ पार मधोमध!"

"ताई, हळू बोल, गिऱ्हाइकं बसलीत. नाहीतरी तो वापरणार कोण होतं?"

"आई! आणखी कोण?"

"या वयात तिला कशाला कष्ट? आता आरामात बसते. लोक फोटो काढतात तिच्याबरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि तवा उपटायला लागले. धाकटा माझा हात धरायला धावला. गिऱ्हाइकांचे घास हातातच राहिले. स्क्रू काही हलेना. आई अजून खुर्चीतच बसून होती, त्यामुळे तिचाही मला भयंकर राग आला होता.

ती उठली.

"तवा राहू दे गं," म्हणाली. "तो आता कामाचा नाही राहिला. मी अजून आहे. मला घेऊन चल."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता तरी याला काही कळलं असेल.

"अगं आई, पण संध्याकाळी मोठी पार्टी यायचीय," तो म्हणाला. "मग खुर्चीत कोण बसणार?"