चावीवर चावी

तिने तीच कमांड पुन्हा दिली. पडद्यावर तीच लाल ओळ पुन्हा आली: चावी जुळत नाही. उठून तिने खिडकी उघडली, लगेच लावली, परत येऊन खुर्चीत बसली आणि आता तरी कॉम्प्युटरला दया येईल या आशेने आणखी एकदा तेच केलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

बाहेरच्या खोलीत तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. दुपारी स्पीच थेरपिस्ट बाई त्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं न्यायला येणार होत्या. ऑपरेशनमध्ये वडिलांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. त्याआधी बरेच दिवस तिने त्यांना मायक्रोफोनपुढे बसवून पानंच्या पानं वाचायला लावली होती. त्यावरून एक मशीन त्यांचा आवाज शिकणार होतं. मग वडिलांनी टाइप करायचं आणि मशीनने ते त्यांच्या आवाजात बोलायचं.

वडील पोहायला शिकवायचे. तलावाच्या एका काठावर उभं राहून दुसऱ्या काठावरच्या पोराला दम भरणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. हजारोंना त्यांनी तरंगायला शिकवलं, पोटची मुलगी तेवढी बुडत राहिली, म्हणून घरात तिचं नाव दगड. आता गळ्यात अडकवायचा, पाण्याने न बिघडणारा एक छोटा स्पीकरही त्यांनी आणून ठेवला होता. पुन्हा तलावावर जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

रेकॉर्डिंगांना कुलूप लावायची बुद्धी तिचीच. लोकांचे आवाज चोरून त्यांच्या घरच्यांना फोन करणाऱ्या भामट्यांबद्दल तिने कुठेतरी वाचलं होतं.

“माझा आवाज चोरून कोण श्रीमंत होणार आहे?” वडील तेव्हा हसले होते.

पण ती पडली प्रोग्रामर. माहिती सुरक्षित कशी ठेवावी हे ऑफिसातल्या नव्या मुलांना तीच शिकवायची. तिने कुलूपबंदीच्या कोडची एक तयार लायब्ररी घेतली आणि तिच्यावर दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. नवी चावी बनव, ती एका फाइलमध्ये ठेव, त्या चावीने रेकॉर्डिंगं कुलूपबंद कर, उघडी रेकॉर्डिंगं पुसून टाक. सगळं झोकात झालं. मग ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर वडिलांनी आणखी एक रेकॉर्डिंग केलं, आणि तेही आत टाकायला तिने घाईघाईत तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. स्क्रिप्टने सांगितल्याबरहुकूम पुन्हा नवी चावी बनवली आणि जुनीच्या जागी लिहून टाकली. जुनी गेली. हे तिला काल कळलं, थेरपिस्ट बाईंसाठी फाइली काढायला बसली तेव्हा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नव्या चावीने फक्त ते शेवटचं रेकॉर्डिंग उघडत होतं. कालपासून ते तिने कितीदा ऐकलं असेल.

“चालू आहे का हे? लाल दिवा दिसत नाहीये. अगं, चालू आहे का?” मग एक ट्रॉली खडखडत जाते आणि संपतं. एवढ्यावर कुठलंही मशीन काही शिकणार नव्हतं.

तिने ऑफिसातल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे मास्तर म्हणत.

“जुनी चावी दुसरीकडे कुठेच नाही?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. चार ठिकाणी ठेवली तर चार ठिकाणांहून चोरीला जाईल, म्हणून...”

“अति शहाणा,” मास्तर म्हणाले आणि थांबले. “माफ कर.”

“पुरी करा ना म्हण. बैल माझाच आहे.”

“पुसलेल्या फाइली परत मिळतात का बघितलंस?”

“कालपासून तेच करतेय. काही हाती लागत नाही.”

“मग चावी शोधून काढणं... तुला मी काय सांगणार?”

खरंच, तिला सांगायची गरज नव्हती. जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी हे कुलूप तुटत नाही, असं ती दरवर्षी वर्गात छाती फुगवून सांगायची.

“घरी सांगितलंस?” मास्तरांनी विचारलं.

तिने फोन ठेवला. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. हॉस्पिटलच्या वायफायमध्ये फाइली खराब झाल्या असं सांगता आलं असतं. वडिलांना त्यातलं काय कळणार होतं? त्यांनी विश्वास ठेवला असता, उलट तिचीच समजूत घातली असती.

दार ढकलून वडील आत आले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यावर त्यांनी टाइप केलं होतं: “पहिलं वाक्य ठरलं. तलावावर जाऊन म्हणणार, कोण रे तो भिंत धरून उभा?”

“बाबा, बसा जरा.”

ते बसले नाहीत.

“बाबा, तुमची रेकॉर्डिंगं गेली. मी त्यांना कुलूप लावलं आणि चावी माझ्याच हाताने पुसली. आता ती कुणालाच उघडता येणार नाहीत. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.”

वडिलांनी टाइप करायला सुरुवात केली. बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. त्यांनी पुसलं, पुन्हा सुरुवात केली, आणि मग मोबाइल पलंगावर भिरकावून दिला. बोट उगारलं, तोंड उघडलं आणि ते ओरडू लागले.

गळ्याला श्वासासाठी पाडलेल्या भोकावरचं फडकं तेवढं थरथरत होतं. त्यामागून हवा फुसफुसत होती, बाकी काही नाही. पण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि ओठ झरझर चालले होते, आणि तिला सगळं ऐकू येत होतं. दगडा, किती वेळा सांगितलं, आधी खोली बघायची आणि मग उडी मारायची! वाक्याच्या शेवटी चढणारा सूर, मध्येच दम घेणं, आणि मग दुप्पट जोराने पुन्हा पहिल्यापासून. तिने मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जिथे म्हणायचं तिथे ती “हो बाबा” म्हणत होती.

हात पुसत आई दारात येऊन उभी राहिली. तिने दोघांकडे पाहिलं.

“अहो, हळू,” आई म्हणाली. “शेजारी ऐकतायत.”

वडिलांनी शेजारच्या भिंतीकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला आणि राहिलेलं बोलू लागले.