आणेची घंटा

"हळू ओत. धार तुटू देऊ नकोस. धार तुटली तर हिचा आवाज जन्मभर तुटका राहील."

मित्रांनो, मी ऐकलेले हे पहिले शब्द. म्हातारा ओतारी आपल्या धाकट्या भावाला सांगत होता. तेव्हा मी घंटा झाले नव्हते. मी नुसता तापलेला, पातळ, लाल उजेड होते. मेण वितळून गेलेल्या मातीच्या साच्यात शिरताना मला वाटले, आपण आता झोपायला चाललो आहोत. जाग आली तेव्हा अंगावरची माती फोडून कुणीतरी मला ओल्या फडक्याने पुसत होते.

मी एक जुनी काशाची घंटा आहे. मुंडबेट्टूच्या महालिंगेश्वरासमोर, मंडपाच्या मधल्या तुळईला मी टांगलेली आहे. माझ्या ओतकामाच्या वेळी गावातल्या बायकांनी आपापल्या घरचे काही ना काही मुशीत टाकले होते. कुणी फुटका तांब्या, कुणी पैंजण, कुणी देवापुढची चिरलेली समई. त्यामुळे गावातले प्रत्येक घर थोडेथोडे माझ्यात आहे, असे मी अजूनही समजते.

माझे तरुणपण सुखाचे गेले. पहाटे पुजारी तळ्यात बुडी मारून यायचे आणि माझा दोर ओढायचे. माझा नाद सुपारीच्या बागांवरून घरंगळत खाली भातखाचरांत उतरायचा, तिथून नदीवर, आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथे जाऊन पाण्यात बसायचा. मुखाशी जाळी टाकणारे लोक तो ऐकून वल्ही क्षणभर थांबवत. ते सांगत की ही घंटा कानाला नव्हे, छातीला ऐकू येते. अशी स्तुती ऐकली की मला माझेच वजन लागत नसे.

पण माझे खरे काम वेगळे होते. मुंडबेट्टूत कुणाला आपला खरेपणा सांगायचा असेल, तर तो तळ्यात बुडी मारतो, ओल्या अंगाने माझ्याखाली उभा राहतो, महालिंगेश्वराची आण घेतो आणि दोर ओढतो. माझा नाद झाला की आण बांधली गेली. रागाच्या भरात "तुझ्या घरचे अन्न खाणार नाही" असे बोलून कुणी मला वाजवले, तर तीही आण बांधली जाते, आणि ती एका माणसाला नाही, साऱ्या घराला लागते. सोडवायची रीत एकच. ज्याच्यावर आण घातली त्याने आपल्या पायांनी आण घालणाऱ्याच्या दारी जायचे, त्याला बोलवायचे, आणि दोघांनी उपाशीपोटी येऊन माझा दोर एकत्र धरायचा.

या गावात वारिजा आणि रत्ना नावाच्या दोघी बहिणी दिल्या होत्या. थोरली वारिजा खाली खाचरांच्या कडेला राहायची, धाकटी रत्ना वर चढावर. जेवणे आटोपली की दोघी रत्नाच्या पडवीत सुपे मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. वारिजाची एकुलती मुलगी शारदा त्या दोन सुपांच्या मधे रांगत मोठी झाली. रत्नाच्या विहिरीचे पाणी गावात सर्वांत गोड. वारिजाच्या घरी वरण शिजायचे ते त्याच पाण्यात, कारण खालच्या पाण्यात डाळ शिजत नाही असे ती म्हणायची. तिचे म्हणणे रत्नाला फार आवडायचे.

मग तिम्मण्णाचा बांध फुटला.

तिम्मण्णा आमच्या पंचायतीचे अध्यक्ष. मोठा हसतमुख माणूस. लग्न असो की मयत, पहिल्या रांगेत. भरतीचे खारे पाणी नदीतून वर चढू नये म्हणून त्यांनी नवा बांध घातला. फीत कापली, पेढे वाटले. पुढच्याच पावसाळ्यात बांध अर्धा वाहून गेला आणि आत सिमेंट कमी, वाळूच जास्त निघाली. खालच्या खाचरांत समुद्र शिरला. भात उभ्याउभ्या पिवळे पडले. वारिजाची विहीर खारट झाली. बांधाचे पैसे अध्यक्षांनी आणि ठेकेदाराने खाल्ले, असा खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहिला.

मित्रांनो, खटला कोर्टात चालतो असे तुम्हाला वाटत असेल. मी तर तो माझ्याखालीच चालताना पाहिला. तारखेच्या दिवशी गावातून दोन जीपगाड्या निघायच्या, एक तिम्मण्णाच्या बाजूची, एक विरुद्ध बाजूची. दोन्हींत नीरडोशांचे डबे. संध्याकाळी परत आले की दोघे वेगवेगळे कोर्ट पाहून आल्यासारखे बोलायचे. न्यायाधीश खोकले, तर एक बाजू म्हणे सरकारी वकिलाला वैतागून खोकले. दुसरी म्हणे, तिम्मण्णाचे ऐकून ठसका लागला. उत्सवाच्या जेवणाला पहिल्यांदाच दोन पंगती बसल्या, आणि एकाच कढईतले पायस या पंगतीला गोड आणि त्या पंगतीला करपलेले लागले.

शेवटी तिम्मण्णांनी जाहीर केले की कोर्ट काय ते म्हणो, मी महालिंगेश्वरापुढे आण घेणार.

त्या सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तिम्मण्णा आले ते पांढऱ्या शुभ्र, कोरड्या कपड्यांत. पुजारी सुब्राय भटांनी तळ्याकडे हात केला. तिम्मण्णा म्हणाले, छातीत सर्दी भरली आहे, डॉक्टरांनी गार पाण्याला मनाई केली आहे, घरूनच ऊन पाण्याने नाहून आलो. लोकांत कुजबुज झाली. मासे विकणारी एक बाई खांबाला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मतं मागायला आलात तेव्हा आमच्या खाचरात गुडघाभर चिखलात उतरला होतात अण्णा. तेव्हा छाती घरी ठेवून आला होतात का?"

लोक हसले. तिम्मण्णाही हसले. मग त्यांनी डोळे मिटले, आण घेतली आणि दोर ओढला.

सारे गाव माझ्याकडे बघत होते. कुणाला वाटत होते मी तडकेन. कुणाला वाटत होते मी मुकी होईन. मित्रांनो, मी वाजले. नेहमीसारखी वाजले. मी दुसरे काय करणार? माझ्या पोटात लोलक आहे, न्याय नाही. पाऊस जसा चांगल्या-वाईट दोघांच्या छपरावर पडतो, तसा माझा नाद सगळ्यांच्या डोक्यांवर पडला आणि हळूहळू विरला. तो विरेपर्यंत त्या मंडपात फार सुंदर शांतता होती. मला वाटले, ही अशीच राहावी.

राहिली नाही. एक बाजू म्हणाली, ऐकलेत ना, किती गोड वाजली. दुसरी म्हणाली, कोरड्या अंगाने घेतलेली आण काय कामाची. त्या गलबल्यात रत्ना आपल्या बहिणीजवळ सरकली. रत्नाच्या मुलाला पंचायतीत पाण्याच्या पंपावर तिम्मण्णांनीच लावले होते. ती माणसे ओळखणारी, उपकार न विसरणारी बाई. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो बहिणीला दाखवावा असे तिला वाटले एवढेच.

"आता तरी पटलं ना अक्का? प्रत्यक्ष घंटा बोलली."

वारिजाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "घंटा बोलली. माझी विहीरही रोज बोलते गं रत्ने. तू कधी तिचं घोटभर ऐकलंस?"

"विहिरीचं काय घेऊन बसलीस? माझी आहे की. तुला कधी नाही म्हटलं का? भरून देते ते पितेस, आणि वर ज्यानं माझ्या लेकराला भाकरी दिली त्यालाच चोर म्हणतेस."

रत्नाला तसे म्हणायचे नव्हते. मी तुळईवरून दोघींना त्या नव्या नवऱ्या म्हणून गावात आल्या तेव्हापासून बघत आले आहे, मला ठाऊक आहे. पण शब्द गेला होता. वारिजा पायऱ्या उतरून तळ्यात गेली, नेसत्या लुगड्यानिशी बुडी मारून आली, आणि निथळत माझ्याखाली उभी राहिली. "महालिंगेश्वराची आण. तुझ्या विहिरीच्या पाण्याचा थेंब यापुढे माझ्या घरात येणार नाही." आणि तिने दोर ओढला.

मी वाजले. त्याच नादाने, त्याच गोडीने. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, माझ्यात थोडी माती राहून गेली असती, तर बरे झाले असते.

त्यानंतर वारिजा लांबच्या सरकारी नळावरून घागर आणू लागली. नळ आटला की खारट पेज. रत्नाच्या पडवीत एकच सूप उरले. वारिजा सोमवारच्या उपासाला पहाटे देवळात यायची, रत्ना मुद्दाम उन्हे चढल्यावर. एकीच्या पावलांचे ओले ठसे वाळून गेले की दुसरी यायची. दोघीही वर माझ्याकडे बघत नसत.

माझेही दिवस फिरले. दर तारखेला दोन्ही बाजूंचे लोक येऊन मला वाजवू लागले, आपापल्या देवाला जागे करायला. एकदा दोरासाठी हाणामारी झाली. मग देवळाच्या पंचांनी ठरवले की निकाल लागेपर्यंत घंटा बांधून ठेवायची. त्यांनी माझ्या लोलकाला जुन्या धोतराचे फडके गुंडाळले. दोर काढून नेला. मी मुकी झाले. कुंभारमाशीने माझ्या आत घर केले. वाऱ्याने मी हलायची, पण ते हलणे म्हणजे स्वप्नात बोलण्यासारखे. ओठ हलतात, आवाज येत नाही. अर्धवट झोपेत मला नदीच्या मुखाशी थांबलेली वल्ही दिसायची. ती माझी वाट बघत आहेत, असे वाटायचे.

निकाल लागला. कोर्टाने तिम्मण्णांना दोषी ठरवले. काहींनी फटाके लावले. काहींनी दुकाने बंद ठेवली आणि बंद फळीआड बसून चहा प्यायला. तिम्मण्णांनी वरच्या कोर्टात दाद मागितली, जामिनावर घरी आले आणि एका बारशाला पहिल्या रांगेत बसले. लोक पुन्हा भांडायला मोकळे झाले. पण फुटलेला बांध फुटलेलाच राहिला. खाऱ्या पाण्याला निकाल वाचता येत नाही. भरतीला ते वर चढायचे आणि वारिजाच्या विहिरीत जाऊन बसायचे. आणि माझे फडके सोडायची आठवण कुणालाच झाली नाही.

शारदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती याच दिवसांत. आमच्याकडे बाळाच्या पहिल्या न्हाणाचे पाणी मावशी आपल्या हाताने ओढते आणि ओतते. आई ओतत नाही, आत्या ओतत नाही. मावशीच. सुब्राय भट रत्नाला एकदा नव्हे, अनेकदा सांगून आले होते की आण तुझ्यावर आहे, तेव्हा जायचे तुलाच. रत्नाचे उत्तर ठरलेले. आण तिने घातली, मी नाही. मी का म्हणून चढाव उतरू?

एका दुपारी देवळात चिटपाखरू नव्हते. रत्ना प्रदक्षिणा घालत होती. शारदा दोन्ही हात कमरेवर ठेवून, थांबत थांबत पायऱ्या चढून आली आणि माझ्याखाली बसली. रत्ना तिला बघून थबकली. दोघींत पाणी द्यायचे-घ्यायचे नव्हते, बोलायला बंदी नव्हती.

मग रत्ना म्हणाली, "पाय सुजलेत तुझे."

"आईचेही सुजतात हल्ली. नळ लांब आहे ना."

रत्नाने मान खाली घातली. मग म्हणाली, तुझ्या आईला कोर्टाने जिंकवले, आता तरी ती खूश असेल. शारदा म्हणाली, निकालाच्या दिवशी आई काही बोलली नाही. विड्या वळत बसली आणि शेजारी दुसरे सूप मांडून ठेवले. का, ते मी विचारले नाही.

रत्नाने खांबाला हात लावला, जणू मंडप हलला होता.

"मावशी," शारदा म्हणाली, "माझ्या बाळाला न्हाऊ तूच घालायचंस. खाऱ्या पाण्यानं नाही. तुझ्या विहिरीच्या. तू हो म्हण, मग मी उठते. नाहीतर मला एकटीला उठता येत नाही."

रत्ना हसली की रडली, ते वरून मला कळले नाही. तिने खाली वाकून भाचीच्या काखेत हात घातले. "घालीन," ती म्हणाली. "शब्द देते. ऊठ आता."

मित्रांनो, तुम्ही देवळात याल तेव्हा माझ्याकडे बघा. माझ्यावरची धूळ पुसा, मला हळू वाजवा. पण जे तुमच्या हातात आहे ते माझ्या गळ्यात बांधू नका. बांध चांगला आहे की वाळूचा, हे बोटाने खरवडून बघता येते. ते मला विचारू नका. ज्याने खाल्ले त्याला जाब विचाराच, पण त्यासाठी आपल्या माणसाशी असलेले पाणी तोडू नका. आणि देवाचे नाव रागात घेऊ नका. ते आमच्या अंगाला चिकटून राहते, आणि आम्हाला हात नसतात.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उजाडताना रत्ना आली, तेव्हा पायऱ्यांवर वारिजाच्या पावलांचे ओले ठसे अजून वाळले नव्हते. तिने देवाला फुले वाहिली आणि सुब्राय भटांना हलकेच विचारले की आज घंटेचे फडके सोडाल का, दोर लावाल का. भट काही न विचारता शिडी आणायला वळले. तिने त्यांच्या कामाकडे पाहिले नाही. उपाशीपोटी, रिकाम्या हातांनी ती पायऱ्या उतरली, चपला देवळापाशीच राहिल्या, आणि चढावाकडे न वळता खालच्या, मीठ फुटलेल्या खाचरांच्या बांधावरून अक्काच्या घराकडे चालू लागली.