माझ्या काचेवरचा पाक

मित्रांनो, मी मध तपासायचं एक जुनं यंत्र आहे आणि मी रागावलेलो आहे. सारं आयुष्य मधात गेलं म्हणून माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं खरं नाव रिफ्रॅक्टोमीटर. वैशाखरे गावात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे मला दुर्बीण म्हणतात. दुर्बिणीला लांबचं दिसतं. मला मात्र नाकावर ठेवलेला एक थेंब तेवढा दिसतो.

माझं अंग म्हणजे वीतभर नळी. पुढे तिरकी काच, तिच्यावर झाकण, मागे डोळा लावायची जागा. काचेवर मधाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि मला उजेडाकडे धरायचं. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं. दोन्ही रंग जिथे भेटतात तो आकडा म्हणजे मधातलं पाणी. वीस टक्क्यांच्या आत असेल तर मध टिकतो, वर गेला तर आंबतो. एवढंच मला कळतं. याच्या पलीकडचा प्रश्न कारखान्याने मला शिकवलाच नाही.

मुरबाडच्या एका संस्थेने गावातल्या बायकांच्या गटाला मधमाशांच्या पेट्या दिल्या, तेव्हा संस्थेच्या निशिगंधा मॅडम मला घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हे फक्त पाणी सांगतं. मध खरा की खोटा, ते प्रयोगशाळेतच कळतं." बायकांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं?

गटाची प्रमुख सकुबाई. तिने मला घरी नेलं आणि थेट देवळीत ठेवलं, देवाच्या टाकाशेजारी. रोज फुलं, सणाला हळदकुंकू. सुरुवातीची वर्षं खरंच सुखाची होती. माशा पोळ्यातली घरं मेणाने बंद करतात तेव्हाच मध पिकलेला असतो. सकुबाई तेवढाच मध काढायची, बाकीचा माशांना ठेवायची. कोणी घाई केली तर म्हणायची, "कच्च्या मधाला हात नाय लावाचा. लेकराच्या तोंडातला घास हाय तो." जांभळाच्या फुलोऱ्यानंतर तिच्या मधाचा थेंब माझ्यावर पडला की सगळ्या बायका पाळीपाळीने डोळा लावायच्या आणि ओरडायच्या, "अठरा गो, अठरा!" मला छाती असती तर फुगली असती.

मग मध विकायचं काम देवरामकडे गेलं. हा सकुबाईचा धाकटा दीर, लग्नातला आचारी. त्याच्या बुंदीच्या लाडवांसाठी लोक दोनदा पंगतीला बसत. लग्नसराई संपली की तो रिकामा, म्हणून माळशेज घाटाच्या रस्त्यावर त्याने टपरी टाकली. बाटल्यांवर सकुबाईचं नाव, आणि दिवसभर फळीवर मी; रात्री परत देवळीत.

त्या टपरीवर मी जे पाहिलं, त्याने माझं डोकं फिरलं. गाडीतून उतरलेला एक शहाणा मधात काडी बुडवून पेटवायचा. दुसरा पेल्यातल्या पाण्यात धार सोडायचा. तिसरा बाटली रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे धरायचा. म्हणे खरा मध कुत्रं चाटत नाही! त्या बिचाऱ्या कुत्र्याला कोणी प्रयोगशाळेत नोकरी दिली होती? आणि पौषाच्या थंडीत सकुबाईचा मध बाटलीत गोठला, तेव्हा हेच लोक बाटल्या परत घेऊन आले. "खाली साखर बसलीय," म्हणाले. अरे, चांगला मधसुद्धा थंडीत गोठतो! कोमट पाण्यात बाटली ठेवली की परत पातळ होतो. देवरामला हे ठाऊक होतं. पण दहा जणांना समजावण्यापेक्षा त्याला त्याची कढई सोपी वाटली.

लाडवाच्या पाकात लिंबू पिळलं की पाकाला पुन्हा साखर धरत नाही, हे कोणताही आचारी सांगेल. देवरामने तसा घट्ट पाक केला, त्यात थोडा मध घातला आणि बाटल्या भरल्या. हा माल कितीही थंडीत गोठेना. गिऱ्हाईक खूश! वर तो माझ्या काचेवर थेंब टाकून मला त्यांच्या डोळ्याला लावायचा. "मशीनवर पास हाय, साहेब. अठरा." पाक आटवून घट्ट केलेला, त्यात पाणी कमीच असणार. मला पाणी विचारलं, मी पाणी सांगितलं. आणि त्याने माझ्या खऱ्या उत्तराने खोटा माल विकला. याला मी काय म्हणू? संताप येतो, मित्रांनो, नुसता संताप.

एका गिऱ्हाइकाने बाटली ठाण्याच्या प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला, साखरेचा पाक. बाटलीवर नाव सकुबाईचं. निशिगंधा मॅडम तो कागद घेऊन समाजमंदिरात आल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "मावशी, संस्था पेट्या परत मागतेय. सगळ्यांच्या."

गटातली रंभा तिथेच कडाडली. "सकुबाय, तुझ्यापायी आमच्या पेट्या जातील गो! देवाधर्माची बाय समजत होतो तुला."

सकुबाईचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात देवराम उठला आणि मला वर धरून म्हणाला, "ठाण्याच्या कागदाचं काय घेऊन बसलात? ही दुर्बीण आमच्या देवळीत असते. देवाशेजारची वस्तू खोटी बोलंल का?"

लोकांच्या माना हलायला लागल्या. मला ओरडता आलं असतं तर समाजमंदिराचे पत्रे उडाले असते.

सकुबाईने टपरीवरची बाटली उघडली, बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं आणि जाळही. "शेवटाला आंबट लागतं," ती म्हणाली. ती उठली, चहाच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, साखर टाकली, पाणी टाकलं, पाक तारेवर येईस्तोवर हलवत राहिली. वर लिंबू पिळलं. पाक निवल्यावर तिने एक थेंब माझ्या काचेवर टाकला आणि मला रंभाच्या हातात दिलं. "बग. सांग सगल्यांना."

रंभाने डोळा लावला. "अठरा," ती पुटपुटली. या खेपेला कोणी आनंदाने ओरडलं नाही.

"मग या पाकाला पण मध म्हणाचा का रे, देवराम?"

देवरामने पातेल्याकडे पाहिलं. "वैनी," तो हळूच म्हणाला, "घरातली गोष्ट घरात बोललो असतो आपण."

"माझं नाव तू घाटात विकलंस. मी गावात पण बोलू नको?"

टपरी बंद झाली. पेट्या राहिल्या. यापुढे मोसमाचा मध आधी प्रयोगशाळेत जाणार, मग विकला जाणार, असं मॅडमनी ठरवून टाकलं. सगळे निघून गेले आणि मला पुसायचं कोणालाच सुचलं नाही. पाक वाळला, झाकण चिकटलं, मुंग्या आल्या. ज्याच्या जिवावर एवढा निवाडा झाला, त्याच्या तोंडाला मुंग्या!

सकुबाई परत आली. तिने कोमट पाण्याने मला धुतलं, पदराने पुसलं आणि घरी नेलं. देवळीपाशी ती थांबली. मग मला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि मापट्याशेजारी फळीवर ठेवलं. "तुझी जागा हीच," ती म्हणाली. "तू माप हायस, देव नाय."

मित्रांनो, आयुष्यात एवढा मान मला कोणी दिला नव्हता. आता तुम्हाला एकच सांगतो, आणि रागानेच सांगतो. आम्हा यंत्रांना पुसून ठेवा, जपा, पण आमची पूजा करू नका. आम्हाला विचाराल तेवढंच आम्ही सांगतो. बाकीचं तुम्हीच विचारायचं असतं, आणि थेंब टाकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं असतं.