आधी गाऱ्हाणं, मग पट्टा

"ज्याला स्वतःच्या देहावर हुकूम चालवता येत नाही, तो पुरुष कसला!" असं तोकुजींनी भर सभागृहात जाहीर केलं, रक्तदाबाच्या पट्ट्यात हात घातला आणि श्वास असा रोखून धरला, की शेजारच्या सेइगोंना वाटलं, आटोपलं.

"आजोबा, श्वास घ्या," नर्स कानामे म्हणाली. "ही परीक्षा नाही."

पण तोकुजींनी जन्म पोस्टात काढलेला. मोजमाप आहे आणि परीक्षा नाही, असं काही जगात असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आकडा गेल्या खेपेपेक्षा चढलेला निघाला. तो त्यांनी तळहाताने झाकला. सेइगोंनीही आपला झाकला. नगरपालिकेने 'आपली प्रकृती आपल्या हाती' हा वर्ग सुरू केल्यापासून पुरुषांच्या टेबलाचा हाच शिरस्ता होता: आपला आकडा सांगायचा नाही, आणि दुसऱ्याचा पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही.

बायकांच्या टेबलावर नोझावाना या पालेभाजीच्या लोणच्याचा डबा फिरत होता. लोणचं कमी मिठाचं आहे असं प्रत्येकजणी शपथेवर सांगत होती आणि बाकीच्या खुशाल खात होत्या. तोकुजींची बायको हिसाए तिथे बसून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगे. मुद्दाम नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. तिचा दाब उतरत चालला होता.

तोकुजींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? मिसोच्या खारट सुपात ते इतकं गरम पाणी ओतत, की हिसाए म्हणे, "आता यातच अंघोळ करा." भल्या सकाळी बर्फ तुडवत चालून येत. मग दात आवळून विश्रांती घेत. दाब मात्र वरच.

शेवटी कानामेने हळूच सांगितलं, "पुढच्या वेळीही असंच निघालं, तर डॉक्टर तुमची गावच्या हौदातली गरम अंघोळ बंद करणार आहेत."

तोकुजींनी बाही खाली ओढली आणि यंत्रावरच डोळे वटारले. रोज संध्याकाळी त्या कढत पाण्यात दोस्तांसोबत गळ्यापर्यंत बुडून बसणं, एवढंच त्यांचं सुख. तिथे कुणी अवाक्षर बोलत नसे. दोस्ती टिकली होती ती त्यामुळेच.

पुढच्या वर्गाला पुरुषांच्या टेबलावरचं यंत्र बंद पडलं. तोकुजींना बायकांच्या टेबलावर जावं लागलं.

"आमच्याकडे आधी गाऱ्हाणं, मग पट्टा," उमेनो आजींनी बजावलं.

"मला कसलंही गाऱ्हाणं नाही."

"मग एवढ्या सुखी माणसाला मोजायचं कशाला?" म्हणत आजींनी पट्टा पदरात घेतला, म्हणजे एप्रनच्या खिशात.

तोकुजींनी घसा खाकरला. सूप पांचट लागतं, म्हणाले. बर्फ फार पडतो. गुडघा दुखतो. सेइगो चोरून आकडा बघतो. एकदा बूच निघालं आणि ते थांबेनात. "आणि हौद बंद झाला तर संध्याकाळी मी जाऊ कुठे?"

कुणी सांत्वन केलं नाही. आजींनी चहा ओतला. "आमचे हेसुद्धा असेच. भीती पोटात, आणि बोलायचं हवामानावर."

"एवढंच होतं होय?" हिसाए म्हणाली. "मला वाटलं, माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावरही आहेच! मला न विचारता माझी जुनी टोपी देऊन टाकलीस."

"दिली नाही हो, कुणी घेईना. फेकली."

टेबल हसलं. तोकुजीही हसले. हसू ओसरल्यावर कानामेने आजींकडून पट्टा घेतला, सगळ्यांना गप्प केलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मोजलं. मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

"आकडा उतरलाय. हौद चालू," ती म्हणाली. "फार कढत नको, फार वेळ नको. आणि दर आठवड्याला इथेच बसायचं."

मागे सेइगो आपलं गाऱ्हाणं मनात घोळवत उभे होते. तोकुजींनी बसल्या जागी पाठ ताठ केली आणि हात उंचावला.

"मंडळी! पुरुष खचतो तो आजाराने नव्हे, मौनाने! आजपासून या गावातला प्रत्येक पुरुष..."

"तोकुजी," उमेनो आजी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या हातमोज्यावर बसलायत. जरा सरकता का?"