थाप मारायची रीत

तीस वर्षं मी लोकांचे केस कापतोय, त्यामुळे थापा मला नव्या नाहीत. गळ्याशी वस्तरा असतानासुद्धा माणूस खुर्चीत बसून बेधडक थापा मारतो. पण थाप मारणं हा चांगल्या वागणुकीचा भाग असू शकतो, हे मी पन्नाशीत शिकलो. तेही पोटच्या पोरीकडून.

पोरगी मार्शल आर्ट्सच्या जिममध्ये शिकवते. मी सात वर्षं त्याला विरोध केला. रोज जेवताना तोच विषय. "बाबा, पुरे," म्हणून ती पानावरून उठायची आणि मी तिच्या पाठीशी बोलतच राहायचो. शेवटी ती वेगळी राहायला गेली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला, तेव्हा तिचाच फोन आला. "माझ्याकडे या. बघा तरी मी काय करते ते." ही संधी घालवली तर पुन्हा मिळणार नाही, एवढी अक्कल मला होती.

दारातच नियम सुरू झाले. "चप्पल बाहेर. घड्याळ काढा. नखं दाखवा. आणि इथे मी मुलगी नाही, मॅडम."

जोडीला एक बसड्रायव्हर बाई मिळाली. चणीने माझ्या निम्मी, पण तिने मला अलगद आडवं केलं. मला कौतुक वाटलं आणि मी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. दुकानात दाढी झाली की गिऱ्हाइकाला मी असंच उठवतो. बाई झटक्यात बाजूला झाली. "काका, लागलं का?" पुन्हा डाव, पुन्हा माझी शाबासकी, पुन्हा बाई बाजूला. तिसऱ्या वेळी मॅडम आल्या.

"दोन थापा म्हणजे 'हरलो, सोड'. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. कारण विचारायचं नाही, आधी सोडायचं. हा इथला पहिला नियम."

"म्हणजे थापा मारणाऱ्याचं इथे खरं धरतात तर!"

ड्रायव्हरबाई खळखळून हसली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मग पोरीने स्वतः मला डावाला घेतलं. माझा उजवा हात तिच्या दोन्ही पायांत अडकला आणि कोपर ताणू लागलं. कात्री धरायचा हात तो. कळ थेट मस्तकात गेली. पण बापाने लेकीपुढे हार मानायची? मी दात आवळून गप्प राहिलो. शेवटी तिनेच सोडलं. ती पांढरीफटक पडली होती.

"थाप का नाही मारलीत? हात मोडला असता!"

"कुठे काय दुखत होतं?"

"बाबा, थाप मारणार नसाल तर उद्यापासून येऊ नका. तुमचा हात मोडायला नाही बोलावलं मी."

मी भिंतीशी जाऊन बसलो. तणतणत निघून जाणार, एवढ्यात ती ड्रायव्हरबाईशी खेळायला लागली. दोघी मॅटवर फिरल्या, उलटल्या, आणि पाहता पाहता माझ्या पोरीची मान त्या बाईच्या कोपरात सापडली. लहानपणी पत्त्यांत हरली की पत्ते भिरकावून देणारी माझी पोर. तिने शांतपणे दोनदा थाप मारली. बाईने तत्काळ हात काढला.

"मस्त! परत दाखव, मी कुठे चुकले?" मॅडम हसत म्हणाल्या.

मी थक्क झालो. शिकवणारी बाई सगळ्या वर्गादेखत 'हरले' म्हणते, आणि तिच्या मानाला तसूभरही धक्का लागत नाही! एवढी हिंमत मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच घरात वाढली होती.

मी उठलो. "मॅडम, पुन्हा एकदा."

तोच डाव, तोच हात. कळ यायच्या आत मी तिच्या पायावर थाप मारली. जेमतेम बोटं टेकली असतील. हात मोकळा! 'आता कसं?' नाही, की टोमणा नाही. मी मॅटवर तसाच पडून राहिलो. ही पोर सात वर्षं मला 'पुरे' म्हणत होती, आणि मी तिला एकदाही सोडलं नव्हतं.

"बाबा, लागलं का?"

"मला नाही गं. तुला लागलं. सात वर्षं."

ती खालमानेने कमरेचा पट्टा आवळत बसली. मग नाक पुसून म्हणाली, "उठा. पुढची जोडी थांबलीय."

तिने मला उठवायला हात दिला, आणि मी नीट उभा राहिल्यावरही सोडला नाही.