खिशातलं खिशात

उंदीर दिसला की भाडेकरू घाणेरडा, हा घरमालकीण काकूंचा कायदा. जिन्याखाली ते एवढं भगदाड होतं, पण त्याचा काही दोष नाही! मंगळवारी त्यांच्या पायावरून एक उंदीर पळाला आणि काकू तरातरा खाली टेलरबाईच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या चिंध्यांनीच बोलावलंय मेल्यांना! रविवारपर्यंत एकतर उंदीर जातील, नाहीतर तू."

टेलरबाईने खोलीभर नजर फिरवली. रस्त्यालगतची खोली, दिवसभर उजेड, सहा वर्षांत एकेक करून जोडलेली गिऱ्हाइकं. हे सोडून जायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिने पिंजरा आणला, आत पावाचा तुकडा अडकवला. उंदीर त्याकडे ढुंकूनही बघेनात. म्हणजे यांची पंगत दुसरीकडेच कुठेतरी बसत होती. मग तिने आपल्या धंद्यातली अक्कल लढवली. कापडावर खुणा करायचा निळा खडू कुटला, पूड फरशीभर पसरली आणि दार ओढून घेऊन भाजी आणायला गेली.

परत येऊन बघते तर काय, निळी पावलंच पावलं! कोपऱ्यातल्या भोकातून निघून, मशीनला वळसा घालून, सगळी खुंटीकडे गेलेली. तिथून भिंतीवर चढून थेट घरमालक काकांच्या कोटाच्या खिशात.

चूक टेलरबाईचीच होती. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून काका रोज "कोट घालून बघतो" म्हणत खाली यायचे आणि त्याच्याच खिशात लपवलेली दोन बिस्किटं खाऊन वर जायचे. चार महिने तो कोट शिवून होतच नव्हता. तिने त्यांना दोनदा टोकलं होतं, पण काकूंना सांगणं शक्य नव्हतं. तिला शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या खिशात काहीही सापडो, घरच्यांना सांगायचं नाही. तोंड उसवलं की धंदा उसवला.

तेवढ्यात काकू आल्याच. पावलं बघितली, त्यांच्या मागोमाग खुंटीपर्यंत गेल्या.

"हा तर आमच्या ह्यांचा कोट! काय आहे गं यात?"

त्यांनी हात पुढे केला तशी टेलरबाई आडवी आली.

"काकू, गिऱ्हाइकाच्या खिशात मी कुणालाच हात घालू देत नाही."

"अगं, मी बायको आहे त्यांची!"

"म्हणून तर."

काकूंचा पारा चढला. "मग रविवार कशाला? आजच बांध तुझं गाठोडं!"

टेलरबाई रडायच्या बेतात होती. तरी ती तसूभर हलली नाही.

दारात काका उभे होते. रोजच्या वेळेला आले होते बिचारे. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा त्या पोरीच्या भरल्या डोळ्यांकडे. मग पुढे येऊन गुपचूप आपला खिसा उलटा केला. बिस्किटांचा चुरा पडला आणि पाठोपाठ एक गुबगुबीत उंदीर!

काकू कापायच्या टेबलावर कधी चढल्या ते त्यांनाही कळलं नाही. तिथूनच त्यांनी काकांची जी हजेरी घेतली, ती ऐकून उंदीरसुद्धा भोकात शिरला. टेलरबाईच्या गाठोड्याचं मात्र त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि जिन्याखालचं भगदाड बुजवून गेला. त्याच्यामागून काकू खाली आल्या, हातात नवं कापड. दार हळूच लोटून घेतलं.

"झब्बा शिव मला. माप घे."

टेलरबाईने टेप काढला.

"आणि आतून एक खिसा लाव," काकू आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या. "चांगला खोल."